खवणेकराचा वास

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. लिहिलं की पुरावा होतो, एवढं मलापण कळतं.

पण गेले काही महिने, कुठून कुणकुण लागली देव जाणे, मला मेसेज यायला लागलेत. कुणी गुजरातच्या मिठागरातून, कुणी तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून, एक जण तर आमच्याच तालुक्यातला. सगळ्यांचा प्रश्न एकच. भाऊ, माणसाचा वास माशीला कसा लावायचा? पुढे काय झालं ते कुणालाच विचारायचं नसतं. म्हणून पुढे काय झालं ते लिहितोय. कसं लावायचं ते यात सापडणार नाही. शोधत बसू नका.

मी सुयोग आरोसकर. बारावीनंतर कॉलेजात नाव घातलं आणि त्याच पावसाळ्यात सोडलं. जे काय येतं ते फोनवर बघून, वस्तू उघडून, मोडून, परत जोडून शिकलोय. शास्त्रात कुठे चुकलो तर सांभाळून घ्या. बाकी जिथे चुकलो तिथे सांभाळून घेऊ नका.

आमचं गाव खारवण. वेंगुर्ल्याच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. पूर्वी इथे मीठ पिकायचं. मिठाला सलग ऊन लागतं. आता नाताळात पाऊस, शिमग्यात पाऊस. वाफ्यात मीठ धरतंय म्हणेपर्यंत वरून पाणी. बाबांनी मीठ सोडलं तेव्हा गावात सगळ्यांनीच सोडलं. वाफे खारट पाण्याने भरून तसेच पडून राहिले, आणि त्यात आधीपासून जे होतं तेच उरलं. खारमाशी.

तुम्ही समुद्रावर गेला असाल तर ती बघितली असेल, ओळख नसेल. तांदळाच्या दाण्याहून बारीक, राखाडी. चावत नाही, घाणीवर बसत नाही. ओल्या वाळूवर, डबक्याच्या कडेला, मिठागरात काळा पट्टा दिसतो ना, जवळ गेलं की उठतो आणि पुढे जाऊन परत बसतो, ती. ज्या पाण्यात मासा मरतो, बेडूक मरतो, त्या पाण्यात तिची अळी मजेत शेवाळ खाते. अंगात आलेलं मीठ बाहेर टाकायची सोय तिच्या पोटात आहे. आणि माशी स्वतः पाण्यात बुडी मारते तेव्हा भिजत नाही. अंगावर बारीक लव, लवेवर मेणाचा थर. त्यात हवा अडकते. खाली जाताना ती चांदीच्या मण्यासारखी दिसते.

समुद्रातली मासळी आटली तसं कोळंबीच्या तळ्यांना खाद्य मिळेना. मग कुणाच्यातरी डोक्यात आलं की खारमाशीचे कोष सुकवून घातले तर कोळंबी फुगते. झालं. मिठागराची माशीशेती झाली.

अडचण एकच. माशीला कुंपण नसतं. माझ्या वाफ्यातली माशी उडाली आणि शेजाऱ्याच्या वाफ्यात जाऊन अंडी घातली तर ती कुणाची? त्यावर सरकारी प्रयोगशाळेतून एक बियाणं आलं. गावात तिला शिकलेली माशी म्हणतात. अळीची माशी होताना कोषात तिचं जवळजवळ सगळं अंग विरघळून नवीन बनतं, मेंदूसुद्धा. पण मेंदूतल्या थोड्या पेशी जुन्याच राहतात. या बियाण्यात त्या पेशी जास्त ठेवल्या होत्या. म्हणजे अळी असताना ज्या वासाच्या पाण्यात वाढली, तो वास तिला पंख फुटल्यावरही आठवतो. अख्खं आयुष्य ती त्या वासाकडे जाते, त्याच वासाजवळ अंडी घालते. पोरं पण तोच वास शिकतात.

त्यामुळे आमच्याकडे गुरांना डाग देतात तसे घरटी वास ठरले. शेजारच्या भागीमावशीचा ओव्याचा. बाबांचा सुरंगीच्या फुलांचा. इनासचा फेणीचा, त्यावरून त्याची भरपूर टिंगल व्हायची. आपल्या वासाची पेटी वाफ्यावर ठेवली की आपल्या माशा आपल्या घरी.

आणि एक नियम. बांधावर साबण आणायचा नाही. साबणाने माशीचं मेण सुटतं, लव भिजते आणि ती दगडासारखी बुडते. एक बादली फेसाचं पाणी अख्खा वाफा मारतं. आम्ही कामावर येताना साबण लावून आंघोळ करत नाही. डोक्यावर जाळीची, तोंड झाकणारी टोपी घालतो, केसांचं तेल खाली पडू नये आणि माशी नाकात जाऊ नये म्हणून. ती टोपीसुद्धा साबणाने धूत नाही. खाऱ्या पाण्यात बुचकळायची आणि दोरीवर टाकायची. पिढ्या लागत नाहीत अशा गोष्टी अंगात मुरायला. दोन-तीन वर्षांत आम्हाला साबण विषासारखा वाटायला लागला.

आता खवणेकर.

उल्हास खवणेकर, आम्ही खवणेकर शेट म्हणतो. कोष सुकवायचा कारखाना त्याचा. त्याला आमची मिठागरं हवी होती, बंद टाक्या बांधायला. ग्रामसभेत त्याने पडद्यावर टाक्यांची चित्रं दाखवली. इनास उठला.

"शेटानू, टाकीत माशी ऱ्हवात. आमी खंय ऱ्हवाचा? तुमच्या गॅलरीत?"

सगळी सभा हसली. खवणेकरपण हसला. मी त्याच्याकडे बघत होतो. हसताना त्याचे डोळे इनासवरून हलले नाहीत.

इनास फर्नांडिस माझा पहिलीपासूनचा मित्र. लग्न झालेलं, बायको लुर्डिन, मुलगी एल्मा, तेव्हा नुकती बसायला लागलेली. बांधाच्या दारातून भरतीचं पाणी आत घ्यायचं काम पाळीपाळीने असतं. दाराला एकावर एक फळ्या. वरच्या हाताने निघतात, सगळ्यात खालची बुडी मारून सोडवावी लागते. इनास डोळे उघडे ठेवून बुडी मारायचा. लहानपणापासून.

त्या सकाळी मी बांधावर होतो. तो खाली गेला, वर आला, तोंड पुसलं आणि परत खाली गेला. मला वाटलं फळी अडकली. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा म्हणाला, "सुयोगा, फळी परत बसयलंय. पाण्यात कायतरी आसा. कोणाक उघडूक दिव नको."

मग म्हणाला, "माका हात दी. बांध खंय आसा?"

बांध त्याच्या छातीला टेकला होता.

कुणीतरी खाडीच्या बाजूने अळ्या मारायचं औषध ओतलं होतं. पहिल्या बुडीतच तो पळाला असता तर डोळे कदाचित वाचले असते. पण फळी निघाली होती, पाणी आत शिरत होतं. म्हणून दुसरी बुडी. गावाच्या सगळ्या माशा वाचल्या. इनासला गोव्याला नेलं, डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि आम्हाला बाहेर बोलावलं, तेव्हाच कळलं.

पोलीस आले. तोवर भरती-ओहोटीने पाणी धुऊन नेलं होतं. पहाटे खाडीकडे टेम्पो गेलेला ज्याने बघितला तो खवणेकराच्या कारखान्यात कामाला. तो म्हणाला, मी झोपललंय.

काही आठवड्यांनी शेट आमच्या बांधावर आला. चौकशीला. उन्हाचा. मी त्याला नियमाप्रमाणे पाहुण्याची जाळीची टोपी दिली. घामाने निथळत होता.

"मित्र कसो आसा रे तुझो?"

"दिसत नाय तेका."

"वायट झाला." वाफ्यात वाकून त्याने पाणी बोटाने ढवळलं. "पहिल्या बुडीक भायर येवन पळाक होया होता. दुसरी कित्याक मारल्यान? शाणपण."

टोपी माझ्या हातात देऊन तो गेला.

दुसऱ्या बुडीचं मी कुणाला बोललो नव्हतो. इनासपण नाही. पोलिसांनी फक्त पाण्यात उतरला एवढंच लिहून घेतलं होतं. म्हणजे पलीकडच्या कांदळवनात कुणीतरी बसून बघत होतं, आणि त्याने जाऊन शेटला सांगितलं होतं, अगदी बुड्या मोजून.

मी ती ओली टोपी हातात धरून उभा होतो. हे सांगतो ते खरं सांगतो. मला पोलीस, कोर्ट, न्याय वगैरे काही सुचलं नाही. मला हा माणूस स्वतःच्या तोंडावर हात मारताना बघायचा होता. रोज. लोकांसमोर. मरेपर्यंत.

गावाच्या सोसायटीत एक गंधपेटी आहे. अत्तरवाल्यांसाठी निघालेलं यंत्र. एका बाजूने वास हुंगतं, त्यात काय काय आहे ते फोडतं आणि दुसऱ्या बाजूने छोट्या बाटल्यांतून तसाच वास जुळवून देतं. माणसाचा वास जुळवता येऊ नये म्हणून त्यात कुलूप आहे, बरोबरच आहे. माणसाचा वास म्हणजे काय तर कातडीवरचे जंतू घाम खाऊन जी आम्लं सोडतात त्यांचं मिश्रण. प्रत्येकाचं वेगळं. ते पुष्कळसं रक्तातून ठरतं, म्हणून अत्तर मारून जात नाही, आणि म्हणून आईबापाचा थोडा वास पोरात येतो. ते कुलूप मी तोडलं. कसं ते सांगणार नाही.

टोपी आत घातली तेव्हा पेटीच्या पडद्यावर आलं: वास मिश्र आहे, वेगळा करू का? मला वाटलं माझ्या हातांचा असेल, खाऱ्या पाण्याचा असेल. मी नको दाबलं.

घरामागच्या टाकीत मी पहिली पिढी वाढवली. अळ्यांना पाण्यात पोटाखालच्या आखूड खोट्या पायांनी शेवाळाला धरून बसलेलं बघायचो आणि त्यांच्याशी बोलायचो. शिका. नीट शिका. आई विचारायची, "कोणाशी बोलतंस रे?" मी म्हणायचो, फोनवर आहे. तीन पिढ्या झाल्यावर टाकीजवळ त्या टोपीचा तुकडा नेला की पाण्यावरचा काळा थर उचलून त्यावर पडायचा. कापड दिसायचं नाही.

मग मी टाकीचं झाकण काढलं.

खवणेकराच्या नवीन शेडचं उद्घाटन किनाऱ्यावरच होतं. मांडव, गालिचा, बाहेरून आलेले पाहुणे, शाळेची मुलं लेझीमला. मी भागीमावशीच्या बाजूला मागे बसलो होतो. शेट पांढऱ्या कडक कपड्यांत माइकसमोर उभा राहिला. "आज खारवणच्या इतिहासात" एवढं झालं आणि पहिली माशी त्याच्या भुवईवर बसली.

त्याने हात हलवला. ती उठली, परत बसली. मग कानावर. मग पाच, मग मोजता येईनात. समुद्राकडून धुरासारखा एक पट्टा आला आणि मांडवात शिरून बरोबर एकाच माणसावर उतरला. डाव्या बाजूला पाहुणे, उजव्या बाजूला सरपंच. त्यांच्यावर एकसुद्धा नाही. शेट बोलत राहिला, हे मानलं पाहिजे. "इतिहासात" परत म्हणाला आणि त्याच्या तोंडात गेल्या. थुंकला. माइकमध्ये.

भागीमावशी म्हणाली, "शेटाक गूळ लावलो काय रे कोणी?"

मांडव हसायला लागला. आधी पोरं, मग बायका, मग सगळे. शेट गालिच्यावरून गाडीकडे पळाला, दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर मारत. मला जसं हवं होतं अगदी तसं. मी त्या दिवशी जेवलो नाही, भूकच नव्हती. पोट भरलं होतं.

पुढचे दिवस माझे सुखाचे होते. शेटने कापूर लावला, कडुलिंबाचं तेल लावलं, साबणाने दिवसातून चारदा आंघोळ केली. आंघोळीनंतर थोडा वेळ बरं, घाम सुटला की परत. गाडीची काच खाली केली की आत. कामगार त्याच्याशी बोलताना दोन पावलं मागे राहायला लागले. लोक म्हणायला लागले, पाप बसलंय. पापच होतं. मी पाळलेलं.

इनासकडे मी त्या दिवसांत गेलो नाही, आणि तोपण बांधावर दिसला नाही. सगळं आटपलं की एकदम सांगू, खूश होईल, असं मनात होतं. लुर्डिनचाच फोन आला. "सुयोग, जरा येवन जा."

ती दारात उभी होती, एल्माला पदराखाली झाकून. पदर वर केला. बाळाच्या डोळ्यांच्या कडेला, ओठांवर, दुधाच्या ओघळावर माशा. फार नव्हत्या. लुर्डिनने फुंकल्या, त्या उठल्या आणि परत बसल्या. एल्मा रडत नव्हती, रडून दमली होती.

"ह्या कायच नाय," लुर्डिन म्हणाली. "आत बघ."

आत इनास खाटेवर बसला होता. मानेपासून केसांपर्यंत काळा. हलत नव्हता. फक्त ओठ मधूनमधून फुंकर मारत होते.

मला तिथेच कळलं. त्या सकाळी इनासची स्वतःची टोपी पाण्यात गेली होती. हॉस्पिटलातून आल्यावर तो रोज बांधावर येऊन बसायचा, घरात जीव रमत नाही म्हणायचा, आणि त्याच्या डोक्यावर पाहुण्याची टोपी मीच घालायचो. आठवडेच्या आठवडे. मग ती खाऱ्या पाण्यात बुचकळून दोरीवर टाकायचो. साबण कधीच नाही. शेटने ती जेमतेम घटकाभर घातली होती. पेटीने मला विचारलं होतं.

"कोण इलो?" इनासने विचारलं.

"मी."

"बस. माशांका जरा बाजूक सरक म्हण."

मी बसलो. "इनास, तुका एक सांगूचा आसा."

"माशांचाच मा?"

"तुका कसा कळला?"

"मेल्या, माका दिसत नाय, पण ऐकाक येता. थंय शेटावर बसतत, हंय माझ्यावर बसतत, आणि तू इतके दीस माझ्या दारार नाय. तीन गोष्टी जोडूक डोळे कित्याक व्हये?"

मी सगळं सांगितलं. टोपी, पेटी, मांडव. लुर्डिन दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मांडवातलं ऐकताना इनास हसायला लागला, इतका की माशा उठल्या.

"माइकात थुकलो?"

"माइकात."

"शिरा पडली तुझ्या तोंडार. शेटाचो आणि माझो वास एक करून ठेवलंस. आधी माका एक आंघूळ तरी घालूक होयी होती." मग हसू थांबलं. "तेच्यावर जास्त बसतत, काय माझ्यावर?"

"तेच्यावर. तो दिवसभर घामात."

"खरां सांग."

"खरांच. तोंड दिसत नाय."

"मगे ऱ्हवांदेत." तो खाटेला पाठ टेकून बसला. "एक माझ्यावर बसली काय माका कळता, धा तेच्यावर बसली."

लुर्डिन एल्माला छातीशी धरून म्हणाली, "आणि चेडवावर बसतत ती कोणाच्या हिशोबात?"

उपाय होता. साबण. पण एव्हाना माझ्या टाकीतल्या माशा गावाच्या माशांत मिसळल्या होत्या. मारायच्या तर सगळे वाफे फेसाने भरायला हवेत. म्हणजे गावाची सगळी माशी एका दिवसात खलास, आणि बंद टाक्यावाल्याला रान मोकळं. औषध ओतून जे त्याला जमलं नाही ते मी हाताने करून द्यायचं. मी हे लुर्डिनला समजावत होतो. ती एल्माचे कपडे पिशवीत भरत होती. तिचं माहेर आजऱ्याला, घाटावर. खारमाशीची अळी गोड्या पाण्यात जगत नाही, त्यामुळे घाट चढला की सुटका. तिला शास्त्र सांगावं लागलं नाही.

"तुमका दोघांका व्हया तर माशांवांगडा संसार करा," ती इनासला म्हणाली. "मी चेडवाक घेवन चललंय. तू येतंस तर ये."

"मी वर येवन काय करू गो? हंय माका प्रत्येक दगड पायाक ठावक आसा."

"मी पण तुका ठावक होतंय," ती म्हणाली आणि गेली.

पण जी गोष्ट लुर्डिनला कळली ती शेटलापण कळलीच. एक दिवस कारखान्यावर त्याचा भाचा बसलेला दिसला. शेट आंबोलीला गेला म्हणे, बंगल्यावर. मग त्याने फोटो टाकला. गॅलरीत वेताच्या खुर्चीत, हातात कप, मागे धुकं. तोंड मोठं करून बघितलं मी. भुवया, कान, ओठ. एकसुद्धा माशी नाही. गालावर तकाकी आली होती.

खाली इनास खाटेवर काळा होऊन बसला होता आणि समजत होता की दहा तिकडे बसल्यात.

मी त्याला सांगितलं नाही. आधी उपाय करू आणि मग सांगू, असं परत ठरवलं. माणूस एकाच खड्ड्यात दोनदा पडतो तेव्हा त्याला खड्डा ओळखीचा वाटतो.

खारमाशीची भावकी मोठी आहे. तिच्यातलेच काही प्रकार गोड्या पाण्यात राहतात, भाताच्या खाचरात, विहिरीच्या कठड्यावर. म्हणजे मिठाशिवाय जगणं या घराण्याच्या रक्तात कुठेतरी आहे. मी ट्रे मांडले. प्रत्येक पिढीला मीठ थोडं कमी. पहिल्यांदा जवळपास सगळ्या मेल्या. ज्या वाचल्या त्यांची अंडी. परत मीठ कमी. परत मेल्या. त्यांच्यासाठी मला वाईट वाटत नव्हतं, मला फक्त घाई होती. झोपताना मी आंबोलीची गॅलरी डोळ्यांसमोर आणायचो आणि तिच्यात पहिली माशी सोडायचो. ती कपाच्या काठावर बसायची. तो तिच्याकडे बघायचा. त्याचं ते बघणं मी पुन्हापुन्हा चालवायचो.

वैशाखात एक पिढी विहिरीच्या पाण्यात उठली. साध्या, पिण्याच्या पाण्यात. आणि टोपीचा तुकडा दाखवल्यावर सगळी त्याच्यावर पडली.

तो ट्रे घेऊन मी बांधावर गेलो. दुपार उतरत होती. इनास नेहमीच्या जागी, दाराच्या फळ्यांपाशी बसला होता, तोंडावर ओढणी गुंडाळून, लुर्डिनची राहिलेली. मी त्याला शेटचं सांगितलं. गॅलरी, धुकं, कप. लपवलं नाही काही.

ओढणीवर माशा चालत होत्या.

"म्हणजे इतके दीस नुसत्या माझ्यावरच?"

"होय."

"आणि मी हंय देवाक थँक्यू म्हणतंय." तो थुंकला. "आता?"

मी ट्रे त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडा."

"विहिरीचा. ही घाटार जगतली. गाडीत घालून घेवन जातंय, बंगल्याच्या मागे पाण्याचो व्हाळ आसा थंय सोडतंय. पावसाळ्यात सगळी आंबोली पाणीच. मगे तेका जावक जागा नाय. कोल्हापूर नाय, पुणा नाय. खंयच नाय."

इनासचं तोंड मला ओढणीतून दिसत नव्हतं. पण खांदे दिसत होते. ते ताठ झाले, जसे दुसऱ्या बुडीच्या आधी झाले असणार, आणि मी बघितले नव्हते. "कधी जातंस?"

"उद्या."

"आज जा."

"आज जातंय."

मी ट्रे उचलायला गेलो. त्याने सोडला नाही.

"ही कोणाकोणाक वळखतत?"

"शेटाक."

"आणि?"

"आणि तुका."

"आणि?"

खाडीत कुणाचीतरी होडी लागत होती, वल्ह्याचा आवाज येत होता.

"एलूचो वास अर्धो माझो मा," इनास म्हणाला. "तूच सांगललंस. रक्तातून येता म्हणान."

"आजरा आंबोलीपासून लांब आसा."

"लुर्डिनच्या बापायचा भात आसा आजऱ्याक. घराच्या पायरेपर्यंत पाणी." तो बोट परत पाण्यात फिरवायला लागला, हळू, जणू मोजतोय. "किती वेळ लागतलो? ह्यांका थंय पोचाक?"

"एक पावसाळो," मी म्हटलं. "नायतर दोन."

मला तेव्हा काय वाटत होतं ते लिहितो. मला वाटत होतं, त्याने ट्रे सोडावा. मला एल्मा आठवत नव्हती. मला कप आठवत होता.

इनासने ट्रे दोन्ही हातांनी उचलला, छातीपर्यंत आणला, आणि बांधाच्या तापलेल्या वाळूवर उलटा केला. पाणी बघताबघता आत गेलं. अळ्या थोडा वेळ वळवळल्या. काही माशा उडाल्या, त्या त्याच्याच मानेवर बसल्या. त्याने त्या एकेक करून बोटाने टिपल्या, चिरडल्या, पँटला पुसल्या. सगळ्या संपेपर्यंत.

"आणखी ट्रे आसत घराकडे?"

"आसत."

"ते पण."

मी रिकामा ट्रे उचलून बगलेत धरला.

"खालची ऱ्हवांदेत," तो म्हणाला. "खाऱ्या पाण्यातली. तेंका कोणी हात लावचो नाय. शेटाक परत दर्या दिसता नये. हंय जन्मलो, हंय बापायचा घर, हंय कारखानो. बसांदे वर धुक्यात. दर्या माका दिसत नाय, तेकापण दिसूचो नाय. माझ्यावर बसतत तर बसांदेत, मी राखण करतंय असा समज. पण घाट चढवू नको."

"तो वर हसता, इनास."

"हसांदे. आता वचन दी."

"कसला?"

"मी परत मागतलंय." त्याने माझं मनगट शोधून धरलं. "माका ठावक आसा मी कसो आसंय. एलू फोनार बाबा म्हणात, आणि डोक्यात जायत, आणि मी तुका सांगतलंय, सुयोगा, कर परत तां. गोडी माशी कर. तेव्हा करू नको."

"तू सांगलंस तरी?"

"मी सांगलंय तरी. रडलंय तरी."

वाळूवर ट्रेचा ओला चौकोन होता, तोपण सुकत आला होता. मी आंबोलीच्या बाजूला बघितलं. डोंगर दिसत नव्हते, नुसता उन्हाचा पांढरेपणा. तिकडे कुणीतरी चहा पीत होतं.

"करूचंय नाय," मी म्हटलं. "तू सांगलंस तरी नाय. आणि दुसऱ्या कोणाक शिकवूचंय नाय. मेलंय तरी नाय."

"मेल्यावर कसो शिकवतलंस रे," इनास म्हणाला. पण मनगट सोडलं नाही, म्हणून मी परत एकदा म्हटलं, हळू, त्याच्या कानाजवळ, करूचंय नाय.